ढब्बूचे आठ दिवस

“कुत्रं ठेवायचं का नाही, तेवढंच बोला. बाकीचं मागनं,” भरत उपाध्ये म्हणाला आणि हातातल्या वहीवर पेन आपटत उभा राहिला.

आमच्या कॉलनीची बैठक महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, पाण्याच्या टाकीखाली भरायची. जयसिंगपुरात आम्ही घर बांधलं तेव्हापासून ही पद्धत होती. त्या वर्षी भरत चेअरमन होता. पहिलीत तो माझ्या हाताखाली शिकला होता, त्यामुळं कडक बोलायचं झालं की माझ्याकडं बघायचं टाळायचा.

त्याच्यासमोर कल्पना चौगुले उभी होती आणि तिच्या शेजारी तिची दहा वर्षांची तृप्ती. तृप्तीच्या पायाशी ढब्बू बसला होता. तांबूस रंगाचं, दीड वर्षाचं गावठी कुत्रं, एक कान ताठ आणि एक पडलेला. सगळे आपल्याबद्दलच बोलताहेत हे कळल्यासारखा तो प्रत्येकाच्या तोंडाकडं बघून शेपटी हलवत होता.

समोरच्या खुर्चीत खोत अण्णा बसले होते. साखर कारखान्यात वजनकाट्यावर तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. गुरुवारी संध्याकाळी ढब्बू तृप्तीच्या हाताला हिसडा देऊन सुटला, थेट अण्णांच्या फाटकात घुसला, अण्णा मागं सरकले ते पायरीवरून खाली. मनगट मोडलं. सगळे असंच सांगत होते, आणि अण्णांनीही असंच सांगितलं होतं.

“माझ्या दिरांची पोल्ट्री आहे नदीकडं,” कल्पना म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. “तिथं राखणीला लागतंच कुत्रं. साखळीला बांधून ठेवतील.”

“दिवसभर?” मी विचारलं.

“दिवसभर आणि रात्रभर, बाई. दुसरं काय करू? अण्णांचा हात मोडलाय.”

मी तृप्तीकडं पाहिलं. ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती खाली मान घालून चपलेच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

“भरत, आठ दिवस दे,” मी म्हणाले. “त्याला दोरीत चालायला शिकवते. पुढच्या रविवारी टाकीपासून कोपऱ्यापर्यंत जाऊन येईल, अण्णांच्या फाटकावरून. एकदाही ओढाओढ न करता. नाही जमलं तर पोल्ट्री.”

“बाई, तुम्ही कुत्रं पाळलंय कधी?”

“नाही. पण छत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतलाय. तुला एका जागी बसवलं होतं का नाही?”

लोक हसले. भरतचे कान लाल झाले. “बसवलं होतं,” तो म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहू लागला.

“बाई, कुत्र्याला बाराखडी शिकवणार म्हणा की,” अण्णा म्हणाले.

“शिकवीन. तुम्ही परीक्षक म्हणून बसा फाटकात.”

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. तेव्हा मी पासष्टीची होते आणि निवृत्त झाल्यापासून शिकवायला कुणी मिळालं नव्हतं, हेही खरंच.

सोमवारी सकाळी साडेसहाला तृप्ती माझ्या दारात आली, म्हणजे ढब्बूनं तिला आणली. लोखंडी साखळी ताणलेली, कुत्र्याची जीभ बाहेर, पोरीचे दोन्ही हात पुढं आणि पाय मागं. मी आधी साखळी काढून ठेवली आणि पट्ट्याला सुती दोरी बांधली, हाताला मऊ लागेल अशी.

“तो ओढतो तेव्हा तू काय करतेस?”

“मी पण ओढते.”

“मग दोघं ओढताय. त्याला वाटतं, चालायची रीतच ही. आता तो ओढायला लागला की तू फक्त थांबायचं. बोलायचं नाही, ओरडायचं नाही, मागं खेचायचं नाही. खांबासारखं उभं राहायचं. त्यानं वळून बघितलं, दोरी सैल झाली, की पुढं चालायचं आणि भाकरीचा तुकडा द्यायचा. दोरीला पोट सुटलं पाहिजे.”

“पोट?”

“ही बघ, मधे अशी खाली लोंबली पाहिजे. पोट सपाट झालं की थांब. पोट सुटलं की चल.”

तृप्ती हसली. त्या आठवड्यातलं तिचं ते पहिलं हसणं.

पहिल्या दिवशी माझ्या घरापासून तिच्या घरापर्यंत, म्हणजे पाच घरं, जायला आम्हाला अर्धा तास लागला. दोन पावलं, थांबा. तीन पावलं, थांबा. ढब्बू गोंधळून गेला. त्यानं ओढून पाहिलं, बसून पाहिलं, एकदा दोरीच तोंडात धरून पाहिली. सायकलवरून जाणारा दूधवाला थांबला. “काय बाई, जमिनीची मोजणी चाललीय काय?”

“होय. तुझ्या दुधातल्या पाण्याची झाली, म्हणून आता ही घेतली.”

तो पायडल मारत पुढं गेला. तृप्ती पुन्हा हसली आणि त्या नादात तिच्या हातातली दोरी सैल झाली, तसा ढब्बू सहा पावलं तिच्याबरोबर नीट चालला. मी तिला शाबासकी दिली. तिनं ढब्बूला दिली.

मंगळवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर आम्ही मोठ्या रस्त्याला गेलो. उसाच्या हंगामाचे दिवस. एकामागं एक ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, वर कर्णा लावून गाणी. असला दणका जवळून गेला की मोठी माणसंही बाजूला होतात. ढब्बू थरथरला, तृप्तीच्या पायाला चिकटला आणि उभा राहिला. दोरीला पोट होतं. बुधवारी उपाध्यांच्या भिंतीवरचं मांजर त्याच्याकडं बघून फिसकारलं. ढब्बूनं एकदा झेप घेतली, तृप्ती खांब झाली, ढब्बू मागं वळला आणि भाकरी खाऊन चालू लागला. तिला थांबायचं कधी ते आता सांगावं लागत नव्हतं. पोर हुशार होती आणि तिचं कुत्रंही.

फक्त एक जागा सोडून.

अण्णांचं फाटक आलं की सगळं शिकलेलं पुसलं जायचं. फाटक दहा पावलांवर आलं की दोरी ताठ, ढब्बूचे कान मागं, आणि मग एकदम उडी. कधी पुढं, कधी बाजूला, कधी फाटकावरच. अण्णा बाहेर असोत नसोत. सोमवारी झालं, मंगळवारी झालं, बुधवारी दोनदा झालं.

मी मनाशी निदान केलं. या कुत्र्याच्या डोक्यात अण्णा बसलेत. त्या दिवशीचा आरडाओरडा, पडणं, लोकांचं धावणं, ते सगळं त्याला या फाटकाशी आठवतंय. मग अण्णांच्या वासाची सवय करू या. बुधवारी अंधार पडायच्या आत मी अण्णांकडं गेले आणि त्यांचा वापरलेला टॉवेल मागितला.

“हात गेला, आता टॉवेल पण?” अण्णा म्हणाले.

“दोन दिवसांत परत देते.”

“कुत्र्यानं वापरलेला मला नको. ठेवा त्यालाच.” मग आवाज खाली करून म्हणाले, “बाई, लई ताण देऊ नका त्याला. पोरीला पण.”

मला वाटलं, चिडलेला माणूस हळूहळू निवळतोय. त्या वाक्यात दुसरं काही असेल असं मनात आलं नाही.

गुरुवारभर ढब्बू त्या टॉवेलवर झोपला, टॉवेल तोंडात धरून घरभर नाचला. संध्याकाळी फाटकासमोर पुन्हा तेच. त्या उडीत तृप्ती गुडघ्यावर पडली. तिच्या आईनं खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. दोनच दिवस उरले होते.

शुक्रवारी सकाळी मी तृप्तीला म्हणाले, “आज दोरी माझ्याकडं दे. तू मागून ये.”

आम्ही निघालो. फाटक आलं. अण्णा दारातच उभे होते, डाव्या हातानं दात घासत. ढब्बूनं त्यांच्याकडं बघितलं, फाटकाच्या खांबाचा वास घेतला, तंगडी वर केली आणि माझ्याबरोबर पुढं चालू लागला. मी कोपऱ्यावरून वळले, परत आणलं. पुन्हा तसंच. जाताना त्यानं जांभई दिली.

मी रस्त्यात थांबले. चार दिवस मी चुकीच्या विद्यार्थ्याला शिकवत होते.

“ये,” मी तृप्तीला म्हणाले. “आता तू धर. मी तुझ्या हातावर हात ठेवते.”

पहिलीत आम्ही मुलांना हात धरून गिरवायला शिकवायचो. मुलाच्या मुठीत पेन्सिल आणि मुठीवर बाईचा हात. छत्तीस वर्षांत असे किती हात माझ्या हाताखालून गेले असतील. अक्षर बघायच्या आधी हात कळतो. कुणाला घरी मार बसलाय, कुणाला रात्री ताप होता, कुणी शेजारच्याची पेन्सिल लपवली आहे, हे सगळं मनगटातून येतं. फक्त हात धरायचा आणि आपण बोलायचं नाही.

आम्ही निघालो. तृप्तीचा हात माझ्या हाताखाली उबदार आणि सैल होता. उपाध्यांचं घर गेलं. त्यापुढचा रिकामा प्लॉट गेला. अण्णांचं फाटक दिसू लागलं आणि तिची मूठ दगड झाली. अंगठा आत गेला, मनगट वर उचललं गेलं, दोरी ताठ. ढब्बूनं तेव्हा कुठं मान वर केली, वळून तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, कान मागं टाकले आणि मग उडी मारली.

आधी तिचा हात, मग कुत्रं.

आम्ही घरी आलो. मी ओल्या हरभऱ्याच्या डहाळ्या घेऊन कट्ट्यावर सोलायला बसले आणि तिच्यापुढंही थोड्या टाकल्या. ढब्बू आमच्या मधे पसरला. घाटे फोडत अर्ध्या डहाळ्या सोलून झाल्या.

“बाई,” ती म्हणाली, “कुत्र्याला ‘छू’ म्हणलं की कळतं?”

“शिकवलं असलं तर कळतं. ढब्बूला शिकवलंय?”

“नाही.” तिनं एक घाटा फोडला, दाणे खाल्ले नाहीत. “मी म्हणलं.”

“कधी?”

“त्या दिवशी. अण्णा रोज म्हणायचे, काय गं, तू कुत्र्याला फिरवतीस का कुत्रं तुला फिरवतंय? रोज. सगळी हसायची. तुम्ही पण हसलाय.”

“हसलेय,” मी म्हणाले. खरंच हसले होते.

“मला लई राग आला. मी साखळी सोडली. तो सुटला नाही, मीच सोडली, आणि छू म्हणलं. त्याला वाटलं खेळ. तो चावायला गेलाच नव्हता. पण अण्णा मागं सरकले आणि... आवाज आला हाताचा. मला ऐकू आला.”

मी तिच्यापुढच्या डहाळ्या बाजूला केल्या. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आठ दिवसांचं साठलेलं. ढब्बू उठून तिचे पाय चाटत राहिला.

शांत झाल्यावर तिनं पहिलं वाक्य म्हटलं ते हे, “आईला सांगू नका.”

“नाही सांगणार. सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव.”

“रविवारी तुम्हीच धरा की दोरी. तुमच्या हातात तो नीट जातो. मग तो राहील.”

पोरीनं हिशेब बरोबर केला होता. भरतनं कुणाच्या हातात दोरी असावी ते सांगितलं नव्हतं. मी धरली असती तर ढब्बू जांभया देत फाटकावरून गेला असता आणि प्रश्न मिटला असता.

“धरीन,” मी म्हणाले. “ढब्बू राहील. मग सोमवारपासून त्याला कोण फिरवणार?”

“मी.”

“कुठल्या रस्त्यानं?”

कॉलनीला रस्ता एकच होता. तृप्ती दोरी हाताला गुंडाळून घरी गेली.

शनिवारी ती आली नाही. सकाळी नाही, संध्याकाळीही नाही. मी दोनदा माझ्या फाटकापर्यंत जाऊन आले, पण हाक मारायला गेले नाही. ज्या मुलाला उत्तर माहीत असतं त्याला पुन्हा पुन्हा विचारू नये. आपल्या विचारण्यानं ते आपल्यासाठी उत्तर देतं.

रविवारी टाकीखाली नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. पोरं भिंतीवर चढून बसली होती. अण्णा ठरल्याप्रमाणं आपल्या फाटकात खुर्ची टाकून बसले होते. तृप्तीनं माझ्याकडं न बघता दोरी माझ्या हातात दिली.

“चला बाई,” भरत म्हणाला. “वेळ आठ दहा.”

मी निघाले. मागं कल्पना, तृप्ती, भरत आणि अर्धी कॉलनी. ढब्बू माझ्या डाव्या बाजूला, दोरीला भलंमोठं पोट. कुणीतरी म्हणालं, “आयला, खरंच की!” मांजर भिंतीवर होतं, ढब्बूनं त्याच्याकडं बघितलं आणि सोडून दिलं. रिकामा प्लॉट गेला. फाटक दहा पावलांवर आलं.

“बाई, थांबा.”

तृप्ती पुढं आली. तिनं माझ्या हातातून दोरी काढून घेतली. ती फाटकासमोर जाऊन उभी राहिली. ढब्बूनं पुढं हिसका दिला. ती थांबली, खांबासारखी. त्यानं वळून बघितलं, आणि ती बोलू लागली.

“अण्णा, हा सुटला नव्हता. मी सोडला होता. मी छू म्हणलं होतं. याला पाठवू नका.”



“काय बोललीस?” कल्पना पुढं झाली, तिचा हात वर गेला.

“कल्पना, हात खाली कर,” अण्णा म्हणाले. “कॉलनीत एक मोडलाय, तेवढा पुरे.” मग ते तृप्तीकडं वळले. “मला माहिती हाय. ऐकलं होतं मी.”

तृप्तीनं मान वर केली. मीही.

“मग अण्णा, सांगितलं का नाही?” भरतनं विचारलं. “आम्ही आठ दिवस इथं...”

“कसं सांगू? दहा वर्षांची पोर. हिचं नाव घेतलं असतं तर हिचं लग्न होईस्तवर तुम्ही विसरला नसता. ‘हीच ती, कुत्रं सोडणारी.’ म्हणून कुत्र्याचं नाव सांगितलं. कुत्र्याला कोण टोमणे मारतंय?” अण्णा थांबले. “तुम्ही त्याला पोल्ट्रीत धाडाय निघालात, तेव्हा बोलायला पाहिजे होतं. पण बोललो असतो तर मी हिला रोज काय म्हणत होतो, ते पण सांगायला लागलं असतं. ते जमलं नाही.”

भरतनं वही उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. “बाई, मग आता काय लिहू?”

“चालणं बाकी आहे अजून,” मी म्हणाले. “तृप्ती, चल.”

ती निघाली. फाटकासमोरून, अण्णांच्या खुर्चीसमोरून, कोपऱ्यापर्यंत आणि परत. परत येताना ढब्बूनं भरतच्या नव्या बुटांकडं एकदा ओढ घेतली. ती थांबली, वाट बघितली, दोरी सैल झाली, मग चालली. मला पाऊलभरही पुढं जावं लागलं नाही. भिंतीवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि ढब्बूनं शेपटीनं धुरळा उडवला.

“कुत्रं राहील,” भरतनं मोठ्यानं म्हटलं आणि लिहिलं.

“राहील,” अण्णा म्हणाले. “पण पोरीला शिक्षा पाहिजे. काय गं, कबूल?”

तृप्तीनं मान डोलावली.

“प्लास्टर निघेपर्यंत रोज संध्याकाळी सातला माझ्याकडं यायचं. दुधात भाकरी कुस्करून द्यायची. सून बिचारी चमच्यानं भरवतीय, पण चमच्याला भाकरी कळत नाही. कुस्करायला दोन हात लागतात, माझ्याकडं एकच हाय.”

ती त्या दिवसापासूनच गेली आणि प्लास्टर निघाल्यावरही बरेच दिवस जात राहिली. ढब्बू पुढं बारा वर्षं जगला आणि त्याच एका रस्त्यानं रोज फिरला.

पण मला आठवते ती त्याच रविवारची संध्याकाळ. मी किराणा आणायला निघाले होते. अण्णांचं दार उघडं होतं. आत पाटावर तृप्ती बसली होती, पुढ्यात काशाची मोठी वाटी, दोन्ही हात मनगटापर्यंत दुधाळ. अण्णा खुर्चीतून वाकून बघत होते. “कड राहिली. मऊ कर अजून. हां, अशी.” ढब्बू बाहेर पायरीवर बसला होता, ज्या पायरीवरून अण्णा पडले होते तिच्यावरच. कुणी बांधलेला नव्हता.

वाटी तयार झाली. तृप्तीनं ती अण्णांपुढं केली. अण्णांनी डावा हात पुढं केला आणि मधेच थांबवला.

“नको. पहिला घास त्याला घाल.”

“का?”

“भर बैठकीत त्याचं नाव मी खराब केलंय.”

तृप्ती उठली, ओंजळीत काला घेऊन पायरीवर आली आणि ढब्बूसमोर उकिडवी बसली. त्याचं खाऊन होईपर्यंत अण्णा तसेच थांबले.